यंत्र, वादक आणि रंगमंच

जयपूरच्या जुन्या शहरात लग्नसराईच्या दिवसांत संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. नवरदेवाच्या निकासीची मिरवणूक संथ गतीने पुढे सरकत असते. गणवेषातील बँडवाले दोन रांगांत चालत असतात. त्यांच्या हाती ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम आणि ढोल अशी वाद्ये असतात. दोन्ही बाजूंना डोक्यावर दिव्यांची झुंबरे घेतलेले मजूर असतात आणि त्या सर्वांना तारांनी बांधून ठेवणारा जनित्र मागून घरघरत येत असतो. या लवाजम्याच्या मध्यभागी एक हातगाडी असते. तिच्यावर कर्णे लावलेले असतात, एक गायक ध्वनिक्षेपक धरून उभा असतो, आणि त्याच्या शेजारी एक तरुण विजेवर चालणारा कीबोर्ड वाजवीत असतो. चित्रपटगीतात जेथे व्हायोलिनांचा ताफा आहे तेथे त्याची डाव्या हाताची बोटे व्हायोलिनांचा भास निर्माण करतात. जेथे बासरी आहे तेथे तो एक कळ दाबून बासरीचा आवाज काढतो. काही गाड्यांवर ऑक्टापॅडही असतो. रबराच्या आठ चौकोनी पट्ट्यांवर काठ्या आपटणारा वादक त्यातून ढोलकीपासून पाश्चात्त्य ड्रमपर्यंत हवा तो नाद उमटवितो.

ही हातगाडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक फिरता रंगमंचच होय. युरोपात आणि जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात संश्लेषकावर संगीत रचणाऱ्या वाद्यवृंदांसमोर जे प्रश्न उभे राहिले, तेच प्रश्न या गाडीवरच्या वादकासमोरही असतात. ध्वनिमुद्रणगृहात तयार झालेले संगीत लोकांसमोर कसे वाजवावयाचे? जे यंत्र स्वतःच ताल धरते, त्याच्या शेजारी माणसाने करावयाचे काय? आणि श्रोत्याला ज्यात बोटांची हालचाल दिसत नाही, त्या वादनाला तो वादन म्हणून का मानील? प्रस्तुत प्रकरणात या प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

नाद कसा घडतो

सतारीत तार कंप पावते आणि भोपळा तो कंप वाढवितो. संश्लेषकात तारेची जागा विद्युत् आंदोलक घेतो. तो दर सेकंदाला ठरावीक वेळा कमीजास्त होणारा विद्युत् दाब निर्माण करतो. हा दाब पुढे छानकातून, म्हणजे एका प्रकारच्या गाळणीतून, जातो. आवाजातील उंच स्वरांश किती राहू द्यावयाचे आणि किती काढून टाकावयाचे हे छानक ठरवितो. त्यामुळे आवाज तीक्ष्ण किंवा गोल होतो. त्यानंतर विवर्धक त्या नादाला आकार देतो. नाद एकदम उसळून विझावा की हळूहळू उमलावा, हे त्याच्यावर अवलंबून असते. रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने १९६४ च्या सुमारास ही सर्व अंगे विद्युत् दाबानेच नियंत्रित करण्याची सुटसुटीत पद्धत रूढ केली.

भारताशी या यंत्राचा संबंध फार लवकर आला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग संश्लेषक व ध्वनिफीत यंत्रे यांची एक कार्यशाळा उभारून दिली. गीता साराभाई आणि इतर काही भारतीय रचनाकारांनी १९७२ पर्यंत तेथे प्रयोग केले. परंतु ते संगीत फितींवरच राहिले. कपाटाएवढे ते यंत्र, त्यातील शेकडो खाचा आणि त्या जोडणाऱ्या तारा हे सारे उचलून रंगमंचावर नेणे सोपे नव्हते. एक आवाज बदलावयाचा म्हणजे तारा उपसून पुन्हा जोडावयाच्या. श्रोते इतका वेळ स्तब्ध बसणार नाहीत.

१९७० साली मिनीमूग हे एका माणसाला उचलता येईल असे यंत्र आले, आणि संश्लेषकाला रंगमंचाची वाट मिळाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते रुजविण्याचे श्रेय केर्सी लॉर्ड या वादकाकडे जाते. तथापि या यंत्रालाही दोन मोठ्या मर्यादा होत्या. एक म्हणजे त्यातून एका वेळी एकच स्वर निघे. दुसरी मर्यादा हवामानाची. आंदोलकातील घटक तापमानाप्रमाणे बदलत, आणि यंत्र बेसूर होई. उन्हाळ्यात चाळीस अंशांवर जाणारे आणि हिवाळ्याच्या रात्री दहा अंशांच्याही खाली उतरणारे जयपूरसारखे गाव घ्या. अशा ठिकाणी उघड्या रंगमंचावर असे यंत्र वाजवावयाचे झाल्यास ते तासभर आधी सुरू करून तापवून ठेवावे लागते, आणि दोन गीतांच्या मध्ये वादकाला कानाला श्रवणयंत्र लावून ते पुन्हा सुरात आणावे लागते. तंबोरा जुळविण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला हे नवल वाटणार नाही. फरक इतकाच की तंबोरा लोकांसमोर जुळविला जातो, आणि हे जुळविणे कोणाला ऐकू येत नाही.

१९७८ च्या प्रॉफेट-५ या यंत्रात एका वेळी पाच स्वर वाजविण्याची सोय झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात चाळीस आवाजांची जुळणी स्मृतीत साठविता येऊ लागली. एक कळ दाबली की आवाज बदलला. रंगमंचाच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

चार मार्ग

ध्वनिमुद्रणगृहात एक माणूस एकामागून एक असे वीस थर फितीवर चढवू शकतो. रंगमंचावर मात्र तीन किंवा चार माणसे आणि सहा किंवा आठ हात असतात. ही तूट भरून काढण्याचे मुख्यतः चार मार्ग वाद्यवृंदांनी अवलंबिले.

पहिला मार्ग फितीचा. जे वाजविता येत नाही ते फितीवर घ्यावयाचे आणि उरलेले समोर वाजवावयाचे. लिव्हरपूलजवळच्या ऑर्केस्ट्रल मॅनुव्हर्स इन द डार्क या दोघांच्या वाद्यवृंदाकडे ढोलवादक नव्हता. त्यांनी एक फीतयंत्र रंगमंचावर उभे केले आणि त्याला विन्स्टन असे नावही ठेवले. डिपेश मोडनेही आरंभीच्या काळात फितीचाच आधार घेतला. येथे लपवाछपवी नव्हती, हे ध्यानात घ्यावयास हवे. यंत्र सर्वांच्या डोळ्यांसमोर फिरत असे. मात्र फीत कोणासाठी थांबत नाही. गायक एक कडवे विसरला तर फीत पुढे निघून जाते, आणि फीत तुटली तर गीतच संपते. ज्या वृंदात ढोलवादक असतो, तेथे फितीच्या एका पट्टीवर केवळ टकटक असा ठोका भरलेला असतो, आणि तो फक्त त्याच्याच कानात जातो. सगळे त्याच्यामागे चालतात, आणि तो त्या ठोक्यामागे.

दुसरा मार्ग अनुक्रमकाचा. यात नाद साठविलेला नसतो, तर कोणत्या क्षणी कोणता स्वर वाजावा याची आज्ञा साठविलेली असते. म्हणून चाल सुरू असताना वादक तिचा वेग वाढवू शकतो, आवाजाचा रंग बदलू शकतो, एखादे अंग गप्प करू शकतो. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने १९७९ आणि १९८० सालच्या जागतिक दौऱ्यांत हा मार्ग पत्करला. हिदेकी मात्सुताके हा त्यांचा सहकारी एका भल्यामोठ्या मूग यंत्रापुढे उभा राहून अनुक्रमक सांभाळीत असे, आणि युकिहिरो ताकाहाशी कानात ठोका घेऊन खरेखुरे ड्रम वाजवीत असे.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत कष्टाचा : सगळे हातांनी वाजवावयाचे. त्यासाठी गीताची नव्याने मांडणी करावी लागते. वीस थरांतील कोणते पाच अत्यावश्यक आहेत हे ठरवून बाकीचे टाकून द्यावे लागतात. जयपूरच्या हातगाडीवरचा वादक नेमके हेच करतो. शंभर वादकांचे चित्रपटगीत तो दोन हातांत उतरवितो. आणि जे त्याने गाळले ते श्रोत्याची स्मृती भरून काढते.

चौथा मार्ग मिश्रणाचा. यात सर्व चाली यंत्रातून अखंड वाहत असतात, आणि वादक मिश्रणफलकावरील सरकपट्ट्या व बटणे फिरवून त्यांतील एक पुढे आणतो, दुसरी मागे नेतो, छानक उघडतो किंवा मिटतो. येथे स्वर वाजविला जात नाही. काय ऐकू यावे याची निवड मात्र क्षणाक्षणाला केली जाते.

प्रत्यक्षात बहुतेक वाद्यवृंद या चारही मार्गांचे मिश्रण करतात. कोणता भाग यंत्राकडे सोपवावयाचा आणि कोणता स्वतःकडे ठेवावयाचा, या निवडीतच वृंदाचे व्यक्तित्व दिसते.

मुंबईचे एक उदाहरण

या निवडीचे एक बोलके उदाहरण मुंबईत घडले. चरणजीत सिंग हे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतील एक वादक होते. त्यांचा जन्म १९४० चा. त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविलेली एक ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियातर्फे काढली. तिच्यात यमन, ललित, कलावती, मालकंस असे राग होते. त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली : टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे मंद्र स्वरांचे अनुक्रमक यंत्र आणि ज्युपिटर-८ हा आठ स्वरांचा संश्लेषक.

या यंत्रांची रचना समजून घेणे उद्बोधक आहे. टीआर-८०८ च्या पुढच्या अंगाला सोळा बटणांची एक ओळ असते आणि ती चार-चारच्या गटांत रंगविलेली असते. आपल्या वाचकाला त्रितालाच्या सोळा मात्रा आणि चार विभाग यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ज्या बटणावर दिवा लावावा तेथे आघात पडतो. परंतु साम्य येथेच संपते. त्रितालात सम आणि काल यांचे नाते असते, तबलजी गायकाच्या श्वासाबरोबर लय किंचित सैल सोडतो वा आवळतो. यंत्राला सोळावी मात्रा आणि पहिली मात्रा सारखीच. टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनविले गेले होते, आणि त्या कामी ते इतके अपुरे ठरले की काही वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक सोय होती. पाश्चात्त्य गिटारवादकाला ती कृत्रिम वाटली; पण रागसंगीतावर वाढलेल्या कानाला तिच्यात मींडेची चाहूल लागली.

चरणजीत सिंग यांनी ताल आणि मंद्र स्वरांची अखंड आवर्तने यंत्रांकडे सोपविली, आणि राग उलगडणारी सुरावट आपल्या बोटांकडे ठेवली. म्हणजे यंत्राला त्यांनी तबला आणि तंबोरा यांचे स्थान दिले, आणि गायकाचे स्थान स्वतः घेतले. आपल्याकडच्या मैफलीची विभागणीच त्यांनी नव्या साधनांत जशीच्या तशी आणली. या दृष्टीने त्यांचा प्रयोग दिसतो तितका परका नाही. त्याच सुमारास आपल्या शास्त्रीय गायकांच्या मागेही विजेवरचा तंबोरा येऊ लागला होता, आणि त्याला कोणी इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले नाही.

ध्वनिमुद्रिकेकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोतील तरुणांनी त्याच टाकाऊ ठरलेल्या टीबी-३०३ मधून अॅसिड हाउस या नावाने ओळखले जाणारे नृत्यसंगीत निर्माण केले. मुंबईच्या प्रयोगाची त्यांना काही वार्ता असल्याचा पुरावा नाही. मात्र २०१० साली एका डच संग्राहकाने ती ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित केली तेव्हा दोहोंतील साम्याने सर्वत्र आश्चर्य व्यक्त झाले. चरणजीत सिंग तेव्हा सत्तर वर्षांचे होते. नंतरच्या वर्षांत त्यांनी युरोपातील रंगमंचांवर ते राग तरुण श्रोत्यांसमोर वाजविले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. तीस वर्षे फितीत बंद राहिलेल्या संगीताला अखेरीस वादकाच्या हयातीतच श्रोते मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय.

यंत्रांची समान भाषा

१९८२ पर्यंत एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी सहसा बोलू शकत नसे. प्रत्येकाची खूण निराळी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात एका अमेरिकन आणि एका जपानी कंपनीची यंत्रे तारेने जोडून दाखविण्यात आली. एकाची पट्टी दाबली की दुसरे वाजे. या संकेतपद्धतीला मिडी हे नाव मिळाले. तिच्यातून नाद वाहत नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढाच निरोप जातो. एका तारेतून सोळा निरनिराळ्या यंत्रांना निरोप देता येतात, आणि तालाच्या प्रत्येक ठोक्यामागे चोवीस सूक्ष्म खुणा पाठवून सर्वांना एका लयीत ठेवता येते. तिच्या उभारणीसाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

मिडीमुळे रंगमंचावरचा सामानाचा डोंगर कमी झाला. एका पट्टीवर हात ठेवून मागच्या कपाटातील पाच यंत्रे वाजविता येऊ लागली. पुढे संगणक मांडीवर आला आणि त्याने अनुक्रमक, फीत व मिश्रणफलक या तिघांचेही काम घेतले. सावध वाद्यवृंद आता एकाच वेळी दोन संगणक चालवितात. एक बंद पडला तर दुसरा त्याच क्षणी पुढे येतो. विन्स्टनची फीत तुटण्याची भीती गेली नाही, तिने केवळ रूप बदलले.

रस्ता आणि वीज

सभागृहात हे सारे निभावून जाते. रस्त्यावर निसर्गाचे नियम आडवे येतात. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिरवणुकीत हातगाडी मागे आणि ट्रम्पेटवाले सतरा मीटर पुढे असतील, तर गाडीवरचा ठोका त्यांच्या कानी सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या नाचाच्या गतीत एका ठोक्याचा चौथा भाग म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. तेव्हा हा उशीर कानाला स्पष्ट जाणवतो. यंत्र मागे वळून पाहत नाही. म्हणून अनुभवी बँडवाले कानावर विसंबत नाहीत, ते आपल्या उस्तादाच्या हाताकडे पाहतात. प्रकाशाला उशीर होत नाही.

दुसरी अडचण विजेची. कीबोर्डपासून निघणारा संदेश क्षीण असतो. तो साध्या तारेने लांबवर नेल्यास आपल्या विजेच्या पन्नास आवर्तनांची गुणगुण त्यात शिरते. सभागृहात ती टाळण्यासाठी मध्ये एक लहान पेटी बसवितात, जी त्याच संदेशाच्या दोन उलटसुलट प्रती करून पाठविते. शेवटी त्या जुळविताना वाटेत शिरलेली गुणगुण परस्पर नाहीशी होते. हातगाडीवर ही चैन नसते. तेथे तारा आखूड ठेवणे आणि जनित्र दूर ठेवणे हाच उपाय. दिव्यांची एक झुंबर पेटली की दाब खाली येतो, आणि स्वस्त कीबोर्ड मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढा वेळ ट्रम्पेटवाल्यांना एकट्याने गीत सांभाळावे लागते. ते ते सांभाळतात, आणि नाचणाऱ्यांना बहुधा पत्ताही लागत नाही.

श्रोत्याला काय दिसते

व्हायोलिनवादकाचा गज हलला की स्वर निघतो, हे कारण आणि कार्य श्रोता डोळ्यांनी पाहतो. बटण दाबल्यावर तीन मिनिटे वाजणाऱ्या यंत्रात हे नाते तुटते. ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवर्क या वाद्यवृंदाने १९८१ च्या जागतिक दौऱ्यात, ज्यात मुंबईचाही समावेश होता, या तुटलेल्या नात्यालाच विषय केले. त्यांनी आपले ध्वनिमुद्रणगृहच जणू रंगमंचावर मांडले. चौघे वादक आपापल्या फलकांमागे जवळजवळ निश्चल उभे राहत, आणि एका गीताला त्यांच्या जागी यंत्रमानवांच्या बाहुल्या येत. पण दुसऱ्या एका गीताला हेच वादक हातात खेळण्याएवढी यंत्रे घेऊन रंगमंचाच्या कडेपर्यंत येत आणि पहिल्या रांगेतील श्रोत्यांना कळा दाबू देत. त्या क्षणी बोट आणि नाद यांचे नाते श्रोत्याला स्वतःच्या हाताने समजे.

महाराष्ट्रातील वाचकाला याचे घरचे उदाहरण बेंजो पथकांत सापडेल. मूळ जपानी ताइशोगोतोपासून आलेले, टंकलेखन यंत्रासारख्या कळांचे हे तंतुवाद्य कर्ण्याला जोडून, सोबत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड घेऊन ही पथके गणेशोत्सवात वाजवितात. तेथे श्रोता वादकापासून हातभर अंतरावर नाचत असतो. वादक त्याचे पाय पाहतो आणि ओळ आणखी एकदा घेतो. गर्दी दमली की तो चाल बदलतो.

वादकाचे भवितव्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अलीकडे जयपुरातही, देशातील इतर शहरांप्रमाणे, अनेक वरातींत वादकांच्या जागी ध्वनिमुद्रित संगीत वाजविणारी गाडी येते. तिला गणवेष नको, तालीम नको, वीस माणसांचे जेवण नको. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांवर निर्बंध आले, त्यामुळे वाजविण्याचे तासही आखूड झाले. पूर्वी कीबोर्ड आला तेव्हा त्याने बँडमधील काही क्लॅरिनेटवाल्यांचे काम घेतले. आता मुद्रित संगीत त्या कीबोर्डवाल्याचे काम घेत आहे.

हा केवळ यंत्राचा दोष मानणे योग्य होणार नाही. टीआर-८०८ समोर ठेवूनही चरणजीत सिंग यांना वाजविण्यासारखे बरेच उरले होते. प्रश्न यंत्र किती करते हा नसून, त्या संध्याकाळी जे घडेल ते आधीपासून पूर्णपणे ठरलेले आहे काय, हा आहे. वधूचे आजोबा हात वर करून एखादे जुने गीत मागतात, घोडी अडून बसते आणि मिरवणूक चौकात दहा मिनिटे थांबते, पाऊस येतो. हातगाडीवरचा तरुण या प्रत्येक प्रसंगी काहीतरी निराळे करतो. गीत लांबवितो, पट्टी खाली आणतो, गायकाचा घसा बसला तर त्याची ओळ बासरीच्या आवाजात स्वतः वाजवितो. ज्या इलेक्ट्रॉनिक वाद्यवृंदांनी आपल्या यंत्रांत अशी जागा मोकळी ठेवली, त्यांचे रंगमंचावरचे संगीत ध्वनिमुद्रिकेहून वेगळे झाले, आणि लोक ते ऐकण्यासाठी घराबाहेर पडले.

निकासी मुलीच्या दारी पोचते, जनित्र बंद होतो, झुंबरे विझतात. तरुण कीबोर्डवर रेक्झिनचे आवरण चढवितो आणि गाडी ओढणाऱ्याला हात लावतो. त्याच रात्री दुसऱ्या मोहल्ल्यात आणखी एक वरात असते, आणि तेथे हीच गीते त्याला पुन्हा, पण निराळी, वाजवावयाची असतात.